शब्दचर्चा: ‘रिस्ट्रिक्ट डायरेक्ट अ‍ॅक्सेस टू फाइल्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
एका वाचनालयाच्या वर्डप्रेस साईटचं मराठीकरण करतेय. जुन्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ फक्त सभासदांना दिसाव्यात म्हणून एक प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) आहे, त्यात टिक करायला वरचं वाक्य आहे. मी ‘फाईलींच्या थेट प्रवेशावर निर्बंध’ लिहिलं, तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या फाईल कुठे शिरतेय? मुद्दा पटला. ‘फाईलबंदी’ चालेल का?

उत्तर:
ताई, बंदी अजिबात नको. दारूबंदी, प्लास्टिकबंदी म्हटलं की ती वस्तू कुणालाच नाही असा अर्थ होतो, आणि तुम्हाला तर फाईल सभासदापर्यंत पोचवायचीच आहे. आधी नेमकं काय होतंय ते बघा. वर्डप्रेस पीडीएफ अपलोड्स फोल्डरमध्ये वर्ष-महिन्याप्रमाणे ठेवतं, आणि कुणी तो पत्ता ब्राउझरमध्ये सरळ टाकला तर अपाची, म्हणजे फाईली पुरवणारा सर्व्हर, फाईल उचलून देऊन टाकतो, वर्डप्रेस ज्यात लिहिलंय ती पीएचपी मधे पडतच नाही, म्हणजे लॉगिन तपासणारं कुणी वाटेत नसतंच. ह्या वाटेलाच अडवायचंय. अशा गोष्टीला आपल्याकडे ‘परस्पर’ म्हणतात! जमीन परस्पर विकली, पोरगं शाळेतून परस्पर मॅचला गेलं, म्हणजे ज्याला विचारायला हवं होतं त्याला वगळून. ‘थेट’मध्ये हे येत नाही, थेट प्रक्षेपण किंवा शेतातून थेट ग्राहकाला यात कुणाची चूक नसते.

प्रश्न:
पण परस्पर म्हणजे एकमेकांशी ना? परस्पर संबंध, परस्पर सहकार्य?

उत्तर:
नामाच्या आधी आलं तर बहुतेक वेळा तोच अर्थ, पण क्रियापदाला लागलं की ‘मधल्याला डावलून’. ‘फाईल परस्पर उघडणे’ ऐकून फाईली एकमेकींना उघडतायत असं कुणाला वाटणार नाही. म्हणून ‘परस्पर प्रवेश’ असं नाम करू नका, क्रियापदच ठेवा.

आणखी एक उत्तर:
रिस्ट्रिक्टबद्दल माझं मत. निर्बंध म्हणजे चालू आहे पण अटींवर, कोरोनात २०२१ मध्ये ‘निर्बंध शिथिल’ रोज ऐकायचो तेव्हा दुकानं ठरावीक वेळेत उघडी असायचीच. प्रतिबंधात आधीच होऊ न देणं येतं, लाचलुचपत प्रतिबंधक, प्रतिबंधक लस वगैरे. मनाई म्हणजे अमुक कृती करू नका. इथे सभासदावर निर्बंध नाहीये, त्या एका कृतीला मनाई आहे, म्हणून मी ‘फाईली परस्पर उघडण्यास मनाई’ लिहीन. बटणावर जागा कमी असेल तर ‘परस्पर उघडू देऊ नका’.

आणि कृपा करून टिकच्या खालच्या मदतीच्या मजकुरात ‘फाईली लपवा’ लिहू नका, लपवणं वेगळं. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचीला सूचना देणाऱ्या फाईलीत) ‘ऑप्शन्स मायनस इंडेक्सेस’ टाकलं की फोल्डरची यादी दिसत नाही, बस, पत्ता माहीत असलेल्याला फाईल मिळतेच. रोबोट्स डॉट टीएक्सटी तर गूगलसारख्या क्रॉलरला, म्हणजे साईटी आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, केलेली नुसती विनंती, ऐकायची का ते ज्याचं त्याने ठरवायचं. खरी मनाई एचटीअ‍ॅक्सेसमधल्या ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ने होते, मग पत्ता टाकून सभासदालाही ४०३च (‘परवानगी नाही’ हा संदेश) मिळतो आणि पीएचपीने लॉगिन बघून फाईल स्वतः वाचून द्यायची. साईट अपाचीऐवजी एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर एचटीअ‍ॅक्सेस वाचलीच जात नाही, हे मदतीत ठळक लिहाच, लोक टिक करून निर्धास्त बसतात आणि अंक सगळ्यांना उघडे राहतात.

प्रश्न:
‘परस्पर उघडण्यास मनाई’ नक्की करतेय, बाईंनाही आवडलं. ४०३च्या पानावर काय लिहू? आत्ता ‘निषिद्ध’ आहे.

उत्तर:
निषिद्ध म्हणजे सोवळ्यातलं वाटतं हो, सभासद बिचकेल. ‘ही फाईल परस्पर उघडता येत नाही. सभासद असाल तर लॉगिन करून अंकाच्या पानावरून उघडा.’ एवढं पुरे, आणि लॉगिनची लिंक तिथेच द्या.