आर या प्रोग्रामिंग भाषेत वेगवेगळ्या फायलींतल्या कॉलमांची नावं एकसारखी कशी करावीत?

मंडळी, मदत हवी आहे. इंदूर, देवास आणि उज्जैन मंडीतल्या सोयाबीनच्या भावांच्या सीएसव्ही फायली एकत्र करायच्या आहेत. बाबांची शेती सांवेरला. माल कधी काढायचा हे यावरून ठरेल, म्हणून काम चोख व्हायला हवं.

अडचण नावांची आहे. ‘मोडल प्राइस (रु./क्विंटल)’, म्हणजे ज्या भावाला जास्तीत जास्त माल विकला गेला तो भाव, हे शीर्षक फायलीत रोमन लिपीत आहे. फाइल वाचणारं आरचं रीड.सीएसव्ही हे फंक्शन त्यातली मोकळी जागा, कंस, तिरकी रेघ, सगळ्यांचे टिंब करून टाकतं आणि ‘2023’ नावाच्या कॉलमाआधी एक्स चिकटवतं. चेक.नेम्स = फॉल्स दिलं की नावं जशीच्या तशी राहतात, पण मग दरवेळी नावाभोवती बॅकटिक (`) आलेच.

त्यात एका फायलीत ‘मोडल प्राइस’, दुसरीत ‘मोडल रेट’, आणि कॉलमांचा क्रमही वेगळा. क्रमांकाने नावं बदलणं मला धोक्याचं वाटतं. चुकून किमान भावाच्या कॉलमला ‘भाव’ नाव लागलं तरी आर चकार शब्द काढत नाही.

जुन्या-नव्या नावांची यादी डीप्लायर या पॅकेजच्या रीनेम फंक्शनला दिली, तर फायलीत नसलेल्या पहिल्याच नावाला एरर येतो. जी नावं सापडतील तेवढीच बदलून बाकीची सोडून द्यायची, हे कसं जमवायचं? डीप्लायरमधलं एनी_ऑफ हे फंक्शन इथे चालेल का? दोन-तीन ओळींचा नमुना दिलात तर फार बरं होईल.