भिंतीपलीकडच्या बर्लिनमध्ये समाजशास्त्र होतं का?

दक्षिणायन: माझ्या मते नव्हतं. १९४८ साली पश्चिम बर्लिनच्या डालेममध्ये फ्री युनिव्हर्सिटी निघाली आणि ऑटो श्टामर यांनी तिथे राजकीय समाजशास्त्र उभं केलं. पूर्वेतलं हुम्बोल्ट विद्यापीठ म्हणजे खुद्द झिमेलचं, समाजशास्त्राच्या संस्थापकांपैकी एकाचं, विद्यापीठ. तिथे मात्र ऐतिहासिक भौतिकवाद, म्हणजे मार्क्सची इतिहासाची मांडणी, हेच समाजशास्त्र, असं ठरलं. १९६४ नंतर पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने पाहण्यांना वाट दिली, पण सोयीच्या निष्कर्षांना शास्त्र कसं म्हणायचं?

चाळणी: निष्कर्ष सोयीचे असते तर लपवले कशाला? प्रश्नावली आधी राज्याच्या सांख्यिकी प्रशासनाकडे मंजुरीला जायची. छापील अहवालावर गोपनीय शिक्का बसायचा, प्रती मोजक्याच. पक्षाची जनमत-पाहणी संस्था १९७९ मध्ये बंद केली आणि तिची कागदपत्रं नष्ट करायला लावली. आकडे गोड असते तर हे घडलं नसतं.

दक्षिणायन: मान्य. पण ज्याची फेरतपासणी दुसऱ्या कोणाला करता येत नाही, ते शास्त्र नव्हे. शिवाय पंधरा जणांच्या ब्रिगेडमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या गटात, वय, हुद्दा आणि विभाग लिहून घेतला की निनावी फॉर्मवरूनही माणूस ओळखू येतो. अशा ठिकाणी कोण मनातलं लिहील?

शेवंती: मग पश्चिमेलाही तीच फूटपट्टी लावा. पश्चिम बर्लिनमध्ये १९५३ ला उघडलेल्या मारियनफेल्डे छावणीतून पूर्वेकडून आलेले हजारो निर्वासित जात होते. पूर्वेचा समाज समजून घ्यायला त्यांच्याशी बोलणं हा हाताशी असलेला मार्ग होता. पण या नमुन्यात फक्त निघून आलेले. राहिलेला शिक्षक, राहिलेली गिरणी कामगार त्यात नाहीत. असंतोष फुगून दिसणारच, आणि कितीही मुलाखती वाढवल्या तरी हा दोष जात नाही. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहिली आणि हा झराही जवळपास आटला.

चाळणी: अगदी बरोबर. म्हणून १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतरच्या निवडीबद्दल मला वाईट वाटतं. हुम्बोल्टच्या जागा नव्याने भरल्या, बहुतेक प्राध्यापक पश्चिमेचे आले. हिल्डेगार्ड मारिया निकेल यांच्यासारखे पूर्वेतले थोडेच टिकले.

दक्षिणायन: माहिती तर टिकली ना? जुन्या पाहण्या कोलोनच्या संग्रहात आहेत.

शेवंती: आहेत, पण वाचणार कोण? त्यातला ‘सामाजिक काम’ हा रकाना घ्या. पश्चिमेत शिकलेला त्याला स्वयंसेवा समजतो. पूर्वेत त्याचा अर्थ कामगार संघटनेत किंवा पक्षात पद सांभाळणं. तो रकाना तसाच पुढच्या तक्त्यात गेला, की सगळी तुलना चुकते.