हात इतके कोरडे आणि सुरकुतलेले कशाने होतात? (पोळीभाजी केंद्राचं काम आहे)

कोपरीकर, ठाणे पूर्व:
नमस्कार. कोपरीत माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. वय ४७. चेहरा ठीक आहे, पण हात साठीच्या बाईचे वाटतात. बोटांवरची कातडी सुरकुतलेली, पेरांवर आडव्या चिरा, मिरची चिरताना जीव जातो. पहाटे कणीक मळण्यापासून सुरुवात होते. लाटायला दोघीजणी आहेत, पण लसूण सोलणं, वाटण आणि मोठी पातेली घासणं माझ्याकडेच, त्यामुळे दुपारपर्यंत हात कोरडे असे होतच नाहीत. रात्री खोबरेल तेल चोळते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. तिने खाज थांबली, पण कातडी आणखी पातळ झाल्यासारखी वाटते. डबा देताना गिऱ्हाईक हाताकडे बघतं, ते मनाला फार लागतं. हे वयाचं आहे, पाळी जायला आल्याचं आहे, की आत काही बिघडलंय? जाऊबाई म्हणतात, पाणी कमी पितेस.

घोडबंदररोडवाला:
ताई, पाणी कुठलं वापरता ते बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअर. नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात. अशा जड पाण्यात फेस येत नाही म्हणून माणूस साबण जास्त घेतो आणि त्याचा चिकट थर हातावर राहतो. घरी सगळ्यांचेच हात खरखरीत झाले होते. लिंबू-साखर चोळून बघा, आईला फरक पडला होता.

नेरूळची सिस्टर:
लिंबू नको हो दादा, चिरा पडलेल्या हाताला तर अजिबात नको. आंबट रसाने आग होईल आणि साखरेच्या कणांनी चिरा आणखी उघडतील. पाण्याचं म्हणता ते मात्र बरोबर आहे.

ताई, मी बरीच वर्षं स्किनच्या ओपीडीत काम केलं. आमचे डॉक्टर पेशंट बसला की पहिल्यांदा दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगायचे, आधी पालथे, मग उताणे. प्रश्न त्यानंतर. कोरडेपणा हातावर नेमका कुठे आहे, यावरून निम्मं कारण कळतं. तुम्हीही तसंच करा, चांगल्या उजेडात.

दोन्ही हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या आणि अंगठीखालची जागा खराब असेल तर पाणी आणि साबण. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ असतात, ते आतलं पाणी धरून ठेवतात. भांड्यांचा साबण पातेल्याचा तेलकटपणा काढतो तसाच कातडीतला हा स्निग्धपणाही काढून नेतो. शिवाय कातडीचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप) ५ च्या आसपास, थोडा आम्लधर्मी. साबणाच्या वडीचा ९ ते १०, म्हणजे उलट अल्कधर्मी. रोज २ तासांपेक्षा जास्त वेळ हात ओले राहणं किंवा २० पेक्षा जास्त वेळा धुणं हे धोक्याचं काम मानतात. तुमचं त्याच्या कितीतरी पुढे आहे.

डाव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढ्यांचीच टोकं सोलत असतील तर लसणाचा संशय घ्या. उजव्या हाताने काम करणारा माणूस पाकळी याच तीन बोटांत धरतो. लसणातल्या डायअलिल डायसल्फाइड नावाच्या घटकाची ॲलर्जी होते, आणि तो पातळ हातमोज्यांतूनही आत जातो.

एकाच तळव्यावर रेषांमध्ये पांढरं पीठ भरल्यासारखं दिसलं तर नायटा असू शकतो. मग पायांचे तळवे आणि बोटांच्या फटीही बघा. तुमच्या ट्यूबची मला काळजी वाटते ती म्हणूनच. घटकांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड. खाज शमते, पण नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो, आणि खूप दिवस लावलं की कातडी पातळ होऊन सुरकुतते.

फक्त हातांची पाठ सुरकुतलेली, तपकिरी डाग, तळवे मऊ, असं असेल तर उन्हाचा परिणाम.

वयाचं विचाराल तर, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत कातडीतलं कोलॅजन (कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन) सुमारे ३० टक्के कमी होतं. पण ते सगळ्या अंगाचं. तुमचा चेहरा ठीक आहे, म्हणजे मुख्य कारण हातांच्या कामातच शोधायला हवं. थायरॉईड आणि शुगर मात्र एकदा तपासाच. त्यानेही कातडी कोरडी पडते, थायरॉईडमध्ये त्याबरोबर थंडी वाजणं, केस गळणं, वजन वाढणं दिसतं. पाणी भरपूर प्या, पण नुसत्या पाणी पिण्याने साबणाने गेलेला स्निग्धपणा परत येत नाही.

भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घाला. नुसत्या रबरात घाम साचतो, म्हणजे हात पुन्हा ओलाच. काम संपलं की हात टिपून, थोडा दमटपणा असतानाच बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा. आणि चिरेत पू किंवा पिवळी खपली दिसली तर बरं होईपर्यंत कणकेला हात लावू नका. अशा जखमेतले जंतू अन्नात उतरून खाणाऱ्याला उलट्या-जुलाब होऊ शकतात.

वागळे इस्टेट:
मी लेथवर आहे. कूलंटने (मशीन थंड ठेवायला सोडतात त्या द्रवाने) माझे हात असेच व्हायचे. एक खूण सांगतो: गणपतीला गावी गेलो की हात सुधारायचे, कामावर आलो की पुन्हा तेच. तुमचं केंद्र दिवाळीत बंद असतं ना, तेव्हा काय होतं ते आठवून बघा.

कोपरीकर:
दादा, दिवाळीत खरंच बरे होते, तेव्हा मला वाटलं फराळाच्या तुपाने झाले.

सिस्टर, ट्यूबलाइटखाली हात ठेवून पाहिले. पीठ कुठे नाही, पाय स्वच्छ आहेत. बेचक्या लाल आहेत. आणि डाव्या हाताची तीच तीन बोटं सगळ्यात जास्त सोललेली, हे इतक्या दिवसांत लक्षातच आलं नव्हतं. ट्यूबवर क्लोबेटासॉल आहे. लसूण बंद करणं मला शक्य नाही, भाजीची चवच त्यावर आहे. सोलायला दुसरीला दिला तर चालेल?

नेरूळची सिस्टर:
चालेल. सोललेल्या पाकळ्या आणि वाटण तुम्ही चमच्यानेच घ्या. पण जिला द्याल तिच्याही बोटांवर लक्ष ठेवा, आणि एकटीवर रोजचा ढीग टाकू नका. पातेल्यांचं कामही वाटून घ्या, बेचक्यांचं दुखणं तिथलं आहे.

लसूणच आहे का हे पॅच टेस्टने कळतं. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात स्किनची ओपीडी आहे, तुम्हाला तेच जवळ. तिथे ती टेस्ट होते का विचारा, नसेल तर कुठे होते ते डॉक्टर सांगतील. नवीन ट्यूब विकत घेऊ नका, आहे ती सोबत न्या आणि किती दिवस लावली ते सांगा. त्या दिवशी हाताला तेल, जेली काहीही न लावता जा.