गळ टाकायला जाताना सोबत दोरी कुठली ठेवावी?

मुलुंडचा_गळवाला:
गेल्या रविवारची गोष्ट. तलावाचं नाव देत नाही. शेजारी बसलेले काका रोहू ओढता ओढता शेवाळलेल्या दगडावरून घसरले ते थेट पाण्यात. काठापासून जेमतेम 15 फूट, पण पायात गमबूट आणि भोवती जलपर्णी. बुडणाऱ्याला टाकायची लाल रिंग तिथे आहे बरं का! खोलीत, कुलपात. बाहेर ठेवली की चोरीला जाते म्हणे. किल्लीवाला चहाला गेलेला. मी काठी पुढे केली, तर टोक कडकन मोडलं. मग उलटी करून मूठ दिली, ती त्यांनी धरली. काका बरे आहेत, मोबाइल गेल्याचंच दुःख जास्त.

आता पिशवीत कायम काहीतरी ठेवायचंय. लोकलने जातो, रिंग नेणं जमणार नाही. काय घेऊ?

खाडीकाठ:
तेलाचा 5 लिटरचा रिकामा कॅन घे. झाकण घट्ट हवं. पाण्यात तो 5 किलोच्या आसपास भार पेलतो, माणसाचं तोंड वर राहायला तेवढं पुरतं. आत कपभर पाणी ठेव, नाहीतर वाऱ्याने भरकटतो. दोरी पॉलिप्रॉपिलीनची, 20 मीटर. नायलॉनची नको, ती बुडते. कॅन माणसाच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा, म्हणजे दोरी त्याच्या हाताशी येते. ओढताना स्वतः काठावर आडवा पड, आणि दोरी मनगटाला गुंडाळू नकोस.

पवईकर:
+1. आणि मागोमाग उडी मारायची नाही, पट्टीचा पोहणारा असलास तरी. बुडणारा गळ्याला मिठी मारतो. आमच्या पवईत तर मगरीही आहेत.

रात्रपाळी_सिस्टर:
काकांना नंतर खोकला होता का? असेल तर आजच डॉक्टरकडे पाठवा, छातीत पाणी गेलेलं असू शकतं. आणि कुणी बेशुद्ध असेल, श्वास नसेल, तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. बुडालेल्याला आधी हवा लागते. एकाने 112 किंवा 108 लावायचा, दुसऱ्याने नाक दाबून तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर 30 दाब, 2 श्वास, 30 दाब, 2 श्वास. मदत पोचेपर्यंत थांबायचं नाही.

मुलुंडचा_गळवाला:
सिस्टर, खोकला होता! मी सिगारेटचा समजलो. आत्ता काकूंना फोन केला, रिक्षात बसवतायत त्यांना. काठी माळ्यावर टाकलीय म्हणाल्या.

खाडीकाठ, कॅन सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेकून पाहिला. दोनदा दोरीचाच गुंता. सुटी वेटोळी पिशवीत सोडली तेव्हा सरळ गेला, वॉचमनच्या खुर्चीवर. तो तिच्यात बसलेला होता.