मदत हवी आहे: लांबच्या लोरा नोडची बॅटरी टिकत नाही

नमस्कार मंडळी. निफाडकडे आमच्या द्राक्षबागेत जमिनीतला ओलावा मोजायला लोरा नोड लावलेत, म्हणजे कमी विजेत लांबवर रीडिंग पाठवणारे छोटे रेडिओ-संच. ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर, एसएक्स१२७६ रेडिओ चिप, १८६५० लिथियम सेल. बँड अर्थातच ८६५-८६७ मेगाहर्ट्झ. दर १५ मिनिटांनी रीडिंग जातं. जवळचे नोड मस्त चालतात, ओढ्यापलीकडचे मात्र भराभर मान टाकतात.

माझा संशय स्प्रेडिंग फॅक्टरवर (एसएफ) आहे. हा आकडा वाढवला की पल्ला वाढतो, पण डेटा हळू जातो. लांबचे नोड एसएफ१२ वर आहेत. तेवढाच डेटा एसएफ७ च्या वीसपटीहून जास्त वेळ हवेत राहतो, आणि २० डीबीएम ताकदीने पाठवताना रेडिओ १२० मिलिअँपिअर खातो. त्यात प्रत्येक पॅकेटची पोच मागवलीय. ती आली नाही की पुन्हा पाठवणं आलंच. मांडव दाटला की सिग्नल आणखी पडतो. झोपेतला करंट मीटरवर बघितला, तो सगळ्यांचा सारखाच, म्हणजे रेग्युलेटर दोषी वाटत नाही.

आता पोच बंद करून चार रीडिंग एकदम पाठवू, की अँटेना मांडवाच्या वर चढवून एसएफ खाली आणू? मधे सिग्नल पुढे पाठवणारा रिले ठेव असं एक मित्र म्हणतो, पण तो सतत ऐकत बसणार. नुसत्या रिसीव्हलाच दहा-बारा मिलिअँपिअर! मग सोलर पॅनेल आलं, आणि ते बागेत चोरीला जातं.

कुणी प्रत्यक्ष केलंय का? आधी काय करून बघाल?