तुम्ही चारचाकी कोणत्या गाडीवर शिकलात?

मुठेकाठी

आमच्या सोसायटीत कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली पांढरी प्रीमियर पद्मिनी गेल्या आठवड्यात एका टेम्पोने टोचन करून नेली. टायर बसलेले असल्यामुळे आधी त्यांत हवा भरावी लागली, आणि मग स्टिअरिंगवर बसलेल्या पोराला गिअरचा दांडाच सापडेना. तो खाली पायांपाशी चाचपडत होता आणि दांडा होता स्टिअरिंगच्या दांड्यालाच, त्याच्या डाव्या हाताशी. मी गॅलरीतून ओरडून त्याला न्यूट्रल कुठे येतो ते सांगितले, आणि नंतर दिवसभर मला माझे शिकण्याचे दिवस आठवत राहिले.

आमच्या घरी १९८४ सालची पद्मिनी होती. तिला पुढे सलग एकच सीट होती आणि सारी गंमत त्या सीटमध्ये होती. माझे पाय क्लचपर्यंत पोहोचावेत म्हणून सीट पुढे ओढली की शेजारी बसलेले उंचेपुरे बाबाही माझ्याबरोबर पुढे सरकत आणि त्यांचे गुडघे डॅशबोर्डला जाऊन टेकत. तशा अवघडलेल्या अवस्थेत, एक हात खिडकीबाहेर आणि दुसरा स्टिअरिंगच्या आसपास ठेवून, ते मला पाषाणकडे जाणाऱ्या, त्या काळी जवळजवळ निर्मनुष्य असलेल्या रस्त्यावर हाफ क्लच शिकवत. हिवाळ्यात चोक किती ओढायचा आणि इंजिन लागल्यावर तो केव्हा परत आत ढकलायचा, याचेही एक वेगळे प्रशिक्षण होते; कारण जास्त वेळ ओढून धरला की पेट्रोल ओव्हरफ्लो होई आणि मग शांतपणे बॉनेट उघडून वाट पाहण्याखेरीज काही करता येत नसे.

त्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीतही गिअर खरखर न करता पडू देणारी सोय, नव्हता. त्यामुळे गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, हा बाबांचा सर्वांत कडक नियम होता. गेली अनेक वर्षे मी ज्या गाड्या चालवते आहे, त्यांना याची काहीही गरज नाही, तरी गतिरोधकापाशी माझा हात दुसऱ्या गिअरच्या खाली जात नाही. म्हणून विचारावेसे वाटते, की तुमच्या हातापायांत कोणती गाडी उरली आहे? सविस्तर लिहावे.

ऊसकरी

ताई, आमच्या हातात महिंद्राची जुनी जीप उरली आहे, आणि तीही लेफ्ट हँड ड्राइव्ह.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळच्या कित्येक जीपगाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असे. इंडिकेटर असून नसल्यासारखे होते, सगळा कारभार हाताच्या इशाऱ्यांवर चाले, आणि डावीकडे बसलेल्या चालकाचा हात उजवीकडे दिसणार कसा? म्हणून आमच्या जीपच्या मागच्या फळीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह, नो सिग्नल’ असे तांबड्या अक्षरांत रंगवून घेतलेले होते. मागून येणाऱ्याने काय ते समजून घ्यावे.

चुलत्यांनी मला ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात शिकवले. जमिनीतून तीन दांडे वर आलेले असत, एक गिअरचा आणि बाकीचे दोन फोर व्हील (चारही चाकांना जोर देणारा) आणि लोड गिअरचे (वेग कमी करून ताकद वाढवणारा). या तिन्हींतला कोणता कधी ओढायचा हे समजेपर्यंत पावसाळा आला, आणि पावसाळ्यात ते आपोआप समजले, कारण काळ्या रानात चाक रुतले की फोर व्हील टाकल्याशिवाय गाडी तसूभरही हलत नसे. खरी परीक्षा मात्र डांबरी रस्त्यावर होती. पुढे उसाची बैलगाडी किंवा ट्रॉली असली की डावीकडे बसून समोरचे काहीच दिसत नाही. मग उजवीकडच्या सीटवर बसलेला चुलतभाऊ मान बाहेर काढून ‘थांब, थांब’ किंवा ‘घे, घे’ असे सांगे आणि मी निव्वळ त्याच्या भरवशावर गाडी बाहेर काढत असे. आमचे आपसांत अबोला धरण्याइतके भांडण झाले, तरी बाजाराच्या दिवशी ते मिटवावेच लागे.

पुढे उजवीकडे स्टिअरिंग असलेली गाडी घेतली, तेव्हा गिअर बदलण्याच्या वेळी माझा उजवा हात दाराच्या काचेचे हँडल धरत असे. घरच्यांना याचे इतके हसू येई, की मी प्रत्येक वळणावर काच खाली घेतो असे पाहुण्यांनाही सांगून झाले होते.

ठाणेकरीण

मी ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८०० वर शिकले, आणि माझ्या पिढीतल्या बहुतेक जणींचे उत्तर हेच असेल असे वाटते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हाती या गाडीची किल्ली दिली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात या देशातल्या अर्ध्या मध्यमवर्गाचे पाय त्या इवल्याशा पेडलांवर वळणाला लागले असावेत, हा माझा अंदाज.

आमच्या गाडीच्या छतावर स्कूलची पाटी होती, मागे-पुढे तांबडा इंग्रजी ‘एल’ होता, आणि शिकवणाऱ्या काकांच्या पायाशी त्यांचे स्वतःचे क्लच आणि ब्रेक होते. काका पान खात, फोनवर बोलत, मधूनच उतरून भाजी घेत आणि अत्यंत प्रेमाने म्हणत, ‘छान चाललीय गाडी, ताई.’ गाडी खरोखर छान चालत होती. स्टेशनजवळच्या गर्दीत, चढावर, रिक्षांच्या मधून ती एकदाही बंद पडली नाही.

पक्का परवाना हातात आल्यावर घरची गाडी पहिल्यांदा सोसायटीच्या फाटकाबाहेर काढली, तेव्हा मला उलगडा झाला, की एवढे दिवस क्लच काका चालवत होते आणि मी केवळ स्टिअरिंग धरून बसले होते. पुढचे शिक्षण मी रविवारी सकाळी, घरातल्या कोणालाही शेजारी न बसवता, एकटीने पूर्ण केले. नवऱ्याने शिकवण्याची तयारी दाखवली होती, परंतु संसार टिकवण्याची इच्छा असल्यामुळे मी ती नम्रपणे नाकारली.

वऱ्हाडी पाहुणा

ठाणेकरीण ताई, शेवटचे वाक्य आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवले आणि त्यांनी मान डोलावली. याचा अर्थ मी विचारलेला नाही.

मी मामांच्या अ‍ॅम्बेसेडरवर शिकलो. तिचा डिपर पायात होता, म्हणजे क्लचच्या डावीकडे जमिनीवर एक बटण असे आणि समोरून गाडी आली की ते डाव्या पायाने दाबून दिव्यांचा झोत खाली करायचा असे. अमरावतीच्या बाहेर रात्रीच्या रस्त्यावर एकच पाय क्लचवर आणि डिपरवर नाचवण्याची कला एकदा साधली की माणूस स्वतःला फार मोठा चालक समजू लागतो. माझा डावा पाय आजही समोर उजेड दिसला की ते बटण शोधतो. मुठेकाठी ताईंच्या प्रश्नाला हे माझे उत्तर आहे.

गिरणगावचा

माझे वडील काळी-पिवळी चालवत, त्यामुळे मी शिकलो ती गाडीही पद्मिनीच, मात्र ती दिवसा आमचे घर चालवत असे. ती मोकळी मिळे ती फक्त रविवारी पहाटे, आणि तेव्हा आम्ही बॅलार्ड इस्टेटमध्ये जात असू. आठवडाभर गजबजलेला तो भाग रविवारी इतका रिकामा असतो, की शिकणाऱ्याला तिथे पदपथावरच्या कबुतरांखेरीज कोणाचा अडथळा होत नाही.

त्या काळी टॅक्सीचे मीटर बाहेर, डाव्या बाजूला, बॉनेटच्या कडेला असे. मी शिकत असताना वडील त्यावर कापडी पिशवी चढवत, म्हणजे कोणी हात करू नये. एकदा चौकात गाडी उभी असताना एक आजी मागचे दार उघडून सामानासकट आत बसल्या आणि म्हणाल्या, ‘व्हीटी.’ वडिलांनी मागे वळून हात जोडले आणि सांगितले, ‘आजी, पोरगा शिकतोय.’ आजींनी पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि म्हणाल्या, ‘शिकू दे की. मला गाडी दहाची आहे.’ माझ्या आयुष्यातली पहिली सवारी मी अशी सोडली. वडिलांनी भाडे घेतले नाही, परंतु आजींनी उतरताना माझ्या हातावर एक पेरू ठेवला.

२९ ऑक्टोबर २०२३ हा पद्मिनी टॅक्सीचा मुंबईच्या रस्त्यावरचा शेवटचा दिवस ठरला, कारण शेवटच्या नोंदणीच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत तेव्हा भरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. ही गाडी याच शहरात, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे, हे मात्र फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळाले.

मुठेकाठी

गिरणगावचे दादा, त्या आजींना माझा नमस्कार. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या सख्ख्या आईनेही दाखवला नव्हता. ती मागच्या सीटवर बसून रामरक्षा म्हणत असे.

घाटमाथा

चढावर गाडी उचलणे कोणी कसे शिकले हे अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आम्ही पोलादपूरचे. आंबेनळी घाटातल्या एका बऱ्यापैकी रुंद वळणावर काका गाडी थांबवायला लावत, खाली उतरत आणि मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून नारळाची करवंटी ठेवत. हँडब्रेक सोडून गाडी पुढे न्यायची आणि करवंटी फुटता कामा नये, एवढीच अट होती. ती साधण्यासाठी क्लच सोडताना इंजिनाचा आवाज जिथे किंचित खाली येतो आणि बॉनेटचे नाक उचलल्यासारखे होते, तो क्षण पकडायचा आणि तेव्हाच हँडब्रेक सोडायचा. हे कोणत्याही पुस्तकातून समजत नाही; तळपायाला समजते.

उन्हाळ्यात कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या घाटात तापत, पेट्रोलची पंपातच वाफ होई आणि इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचत नसे. मग पंपावर ओले फडके ठेवून सगळे घरचे लोक कठड्यावर बसून चिवडा खात. आज ज्यांच्या गाड्यांचे पेट्रोल इंजेक्शनने जाते, त्यांना या चिवड्याची चव कळणार नाही.

जाता जाता एक आठवण करून देतो. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. हा नुसता शिष्टाचार नसून वाहतुकीच्या नियमांत तसे लिहिलेले आहे. सुट्टीच्या दिवशी वरून येणारे पर्यटक दिवे मारमारून चढणाऱ्याला मागे घ्यायला लावतात, तेव्हा काकांची करवंटी त्यांच्या चाकामागे ठेवावीशी वाटते.

मांडवीपार

घाटमाथा, तुमच्या करवंटीच्या जागी आमच्याकडे गोव्यात फेरीबोट होती. चोडणला राहणाऱ्याला रायबंदरच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवता-उतरवता येईपर्यंत कोणी चालक मानत नसे. ओहोटीला फळीचा उतार वाढतो, मागे दुचाकीवाले खोळंबलेले असतात, पुढे पाणी असते आणि बोटीवरचा माणूस दोन बोटे हलवून ‘ये, ये, आणखी ये’ असे सांगत असतो. त्याच्या बोटांवर विश्वास ठेवायला शिकणे हाच आमचा अभ्यासक्रम होता. नंतर आरटीओच्या मैदानावरची परीक्षा फारच सपाट वाटली.

टेम्सकाठी

मुलीला सध्या इथे गाडी शिकवतो आहे, म्हणून हा धागा योग्य वेळी आला. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो, आणि गिअरची गाडी चालवायची असल्यास पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मी तिला गिअरचीच शिक असा आग्रह करतो आहे. तिचा प्रश्न असा आहे, की पुढे सगळ्याच गाड्या विजेवर चालणार असतील आणि त्यांना क्लच असणारच नसेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? मी स्वतः नाशिकला मारुती ८०० वर शिकलो आणि इथे ऑटोमॅटिक घेतल्यावर पहिले काही आठवडे डावा पाय मुद्दाम सीटखाली दडवून बसत असे, कारण सवयीने त्याने क्लच समजून ब्रेक दाबला असता तर मागचा येऊन आदळला असता. तिला द्यायला माझ्याकडे सध्या एवढेच एक उत्तर आहे, की गावी आल्यावर आजोबांची गाडी चालवता येईल. आजोबांनी ती देण्याचे अद्याप कबूल केलेले नाही.

ऊसकरी

टेम्सकाठी, मुलीला सुट्टीत आमच्याकडे पाठवा. जीप अजून चालू आहे, रानही मोकळे आहे, आणि चुलतभावाची मान अजून बाहेर निघते.

रंकाळा

मारुती ओम्नीवर शिकलेले कोणीच दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते. आमच्या दुकानाचा माल तिच्यातून येत असे आणि मोठ्या भावाने मला तिच्यावरच शिकवले. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे कोल्हापूरच्या मे महिन्यात ऊन वरून आणि खालून एकदमच लागे. मात्र समोर बॉनेट नाही. काच संपली की रस्ता सुरू. त्यामुळे महाद्वार रोडच्या गर्दीत समोरच्याच्या किती जवळ जाता येते याचा अंदाज फार अचूक येई. तोच अंदाज पुढे घात करतो. आता बॉनेटची गाडी भिंतीजवळ लावायची झाली, की मी अजूनही भिंतीपासून हातभर आधीच थांबतो, उतरून पुढे जाऊन पाहतो, आणि परत येऊन उरलेले अंतर पार करतो. मागे थांबलेले लोक हॉर्न वाजवतात, त्यांना वाजवू द्यावे. आणि ऊसकरी, त्या तीन दांड्यांपैकी लोड गिअर तुम्ही चालत्या गाडीत टाकत होता की थांबवून, तेवढे सांगा, आमच्या धाकट्याने नुकतीच जुनी जीप घेतली आहे.

ऊसकरी

थांबवून. आणि फोर व्हील टाकल्याशिवाय लोड गिअर टाकू नका म्हणावे. बाकीचे फोनवर सविस्तर बोलू.