मदत हवी: क्वेरीचा निकाल रकान्याच्या नावाने कसा काढायचा? (पट्टी चुकतेय, अर्जंट)

कांदेनवमी:
लासलगावला कांदा व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या पावतीचा) प्रोग्राम मीच लिहिलाय, तीन महिने बिनबोभाट चालला. काल शेतकरी टेबलात मोबाइलचा रकाना वाढवला आणि आज एका पट्टीवर वजन 318 क्विंटल, भाव 22 रुपये 40 पैसे! ट्रॅक्टरवाले काका पट्टीकडे बघतायत, शेठ माझ्याकडे. निकालाच्या ओळीतले रकाने रो[5], रो[6] असे मोजत बसायचा वैताग आलाय. 'भाव' म्हटलं की भावच यावा. लवकर सांगा.

सातपूरकर:
भाषा? डेटाबेस? क्वेरी? आम्ही काय रामकुंडावर पोपट घेऊन बसलोय का?

कांदेनवमी:
पायथन. बाकी साधंच आहे हो.

गोदाकाठ:
पीएचपीत फेच_असोक लिहिलं की रकाने नावाने मिळतात, विषय संपला.

सातपूरकर:
तो पायथन म्हणतोय, भो.

गोदाकाठ:
म्हणूनच सांगतोय, भाषा बदला.

अर्धविराम:
'साधंच' म्हणजे काय? मायएसक्यूएलच्या कनेक्टरला कर्सर(डिक्शनरी=ट्रू) लागतं, पोस्टग्रेसला सायकोपीजी2 चा रिअलडिक्टकर्सर. प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा वेगळी.

कांदेनवमी:
एकच .डीबी फाइल आहे. इम्पोर्ट एसक्यूलाइट3 केलंय.

अर्धविराम:
हे आधी सांगायचं ना. कॉन.रो_फॅक्टरी = एसक्यूलाइट3.रो ही ओळ टाका, मग रो['भाव'] चालेल. रो[6] पण चालतं, जुना कोड मोडत नाही.

कांदेनवमी:
टाकली. 'टपल इंडायसेस मस्ट बी इंटिजर्स' म्हणून ओरडतंय, म्हणजे नाव नको, आकडाच हवा. काका अजून उभेच आहेत.

द्राक्षबाग:
एसक्यूलाइट खेळणं आहे. पोस्टग्रेस घ्या, आमच्या पॅकहाउसला तेच आहे.

सातपूरकर:
एका गाळ्यावर एक कॉम्प्युटर, त्याला पोस्टग्रेस कशाला? एसक्यूलाइट 2006 पासून पायथनच्या पोटातच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

अर्धविराम:
कांदेनवमी, ती ओळ कर्सर (क्वेरी चालवून ओळी आणणारा) बनवल्यावर लिहिली असणार. आधीच बनलेल्या कर्सरला ती लागू होत नाही. कनेक्टच्या लगेच खाली घ्या. आणि क्वेरी टाका, ती अजून आलीच नाही.

कांदेनवमी:
सिलेक्ट * फ्रॉम शेतकरी जॉइन तोल ऑन शेतकरी.आयडी = तोल.शेतकरी_आयडी

अर्धविराम:
सापडलं. नवा रकाना शेतकरी टेबलाच्या शेवटी लागला, पण जॉइनमध्ये (दोन टेबलं जोडताना) तोलचे रकाने त्याच्यामागून येतात, ते सगळे एकेक घर सरकले. काकांचा खाते नंबर 318 आहे का बघा. तो वजनात गेला आणि वजन भावात. 22.40 क्विंटल माल असणार.

कांदेनवमी:
हो!! अगदी तेच.

अर्धविराम:
आता * (म्हणजे सगळे रकाने) काढा, हवे तेवढेच रकाने नावाने लिहा. दोन्ही टेबलांत आयडी आहे. रो['आयडी'] पहिला, म्हणजे शेतकऱ्याचा देईल. तोलचा हवा असेल तर ॲज लावून वेगळं नाव द्या: तोल.आयडी ॲज तोल_आयडी. बेरजेलाही ॲज लावा.

मळेकरी:
ते राहू द्या. पट्टीत तोलाई (वजन करण्याची मजुरी) अजून आमच्याकडूनच कापता का?

गोदाकाठ:
पीएचपीतही कापतात.

कांदेनवमी:
काकांची पट्टी निघाली, गेले एकदाचे. पण रो.गेट('हमाली') चालत नाही?

अर्धविराम:
रो म्हणजे डिक्शनरी नव्हे, तिला गेट नाही. डिक्ट(रो) करून घ्या. आज सकाळपासून अजून किती पट्ट्या गेल्या?

कांदेनवमी:
दोन. शेठना अजून सांगितलं नाही.